मधल्या मापाची टोपी

४ जानेवारी

आत्या,

नमस्कार. आधी हे पत्र वाच, मग खोकं उघड. कात्री जपून लाव, आत दीड वर्षाची मेहनत आहे.

आम्ही सहा जण ज्याच्यामागे हात धुऊन लागलो होतो ते इअरफोन अखेर तयार झाले. कानाच्या आत जाणारे आहेत. बोटाच्या पेराएवढी डबी, तिच्यात तीन इवलेसे स्पीकर, पुढे एक नळी आणि नळीवर मऊ सिलिकॉनचं टोक. त्या टोकाला आम्ही टोपी म्हणतो. टोपी कानात नीट बसली की बाहेरचं जग बंद आणि आतलं सुरू. खोक्यात तीन मापं आहेत, बसेल ती लाव.

आमचे मुख्य अभियंता, ज्यांना सगळे नुसतं साहेब म्हणतात, ते सहसा कुणाचं ऐकत नाहीत. पण तू एकतीस वर्षं रेडिओवर ध्वनिमुद्रण केलंस हे कळल्यावर ते खुर्चीत सरळ बसले. म्हणाले, “त्या तुमच्या आत्या? मग त्यांनाच पाठवा. त्या बाईंच्या कानापुढे आमची यंत्रं काय!” तेव्हा तुझ्या मतावर बरंच काही ठरणार आहे. महिन्याअखेर आराखडा पक्का करायचाय.

तुला म्हणून सांगते. मला उजवी टोपी बसल्यासारखी वाटत नाही. जरा बोललं, जांभई दिली की सैल होते आणि आवाज पातळ होतो. पण सहा जणांत असं म्हणणारी मी एकटी, म्हणजे माझाच कान वाकडा असणार. तरी लहान कानांवर वेगळी चाचणी घ्यावी अशी एक चिठ्ठी साहेबांसाठी लिहून ठेवली आहे. तुझं मत आलं की देईन म्हणते.

फोनच केला असता, पण तू उचलत नाहीस. “फोनमध्ये माणसाच्या आवाजाचा चोथा होतो” हे तुझं वाक्य आता बाबासुद्धा लोकांना ऐकवतात.

तुझी
टिटवी

१५ जानेवारी

टिटवे,

आशीर्वाद. जन्मलीस त्या दिवशी तुझं रडणं ऐकून मी हे नाव ठेवलं, आणि तुझं पत्र वाचून वाटलं, नाव अजून शोभतंय. एवढे प्रश्न एका दमात!

तर तू आता लोकांना टोप्या घालण्याच्या धंद्यात आहेस. तुझ्या बापाला सांगितलंस का?

इअरफोन मिळाले. मी माझंच जुनं चेलोचं मुद्रण लावलं. त्या चेलोवाल्या बाई वाजवण्याआधी एक खोल श्वास घ्यायच्या, तो मुद्रणातून काढायचा नाही म्हणून मी केंद्रप्रमुखांशी भांडले होते. श्वास, मग खुर्चीची कुरकुर, मग पहिला सूर. सगळं जागच्या जागी आहे. तळ विहिरीसारखा खोल, मधला भाग स्वच्छ, वरचे सूर टोचत नाहीत. टोपी मधल्या मापाची लावली. झकास बसली.

साहेबांना सांग, काही बदलू नका. लिहून पाठवते आहे, म्हणजे माझी सही समज.

सर्दी झाली होती, म्हणून उत्तराला उशीर झाला.

आत्या

२ मार्च

आत्या,

तुझं पत्र मी सभेत मोठ्यानं वाचलं. टोप्या घालण्याच्या धंद्यावर साहेबसुद्धा हसले, आणि ते हसले हे कुणाला खरं वाटत नाही. “तळ विहिरीसारखा खोल” हे वाक्य त्यांनी फळ्यावर लिहून घेतलं. त्याच दुपारी आराखडा पक्का झाला. आता पहिल्या दोनशे जोड्या समीक्षकांकडे आणि दुकानदारांकडे गेल्यात.

माझी ती चिठ्ठी मी फाडली. तुझ्यासारखीला मधली टोपी झकास बसते म्हटल्यावर मी कशाला शहाणपणा करू? कानाला सवय होईल हळूहळू.

बाबा विचारत होते, आत्या फोन का घेत नाही. मी म्हटलं, तिला चोथा नको असतो.

टिटवी

२० मार्च

टिटवे,

पत्र मिळालं. आनंद झाला.

चिठ्ठी फाडायला नको होतीस. माझ्या एका पत्रावर एवढं अवलंबून राहतात का कुणी? तुमच्याकडे यंत्रं आहेत, माणसं आहेत. म्हातारीच्या शब्दाला किती वजन द्यायचं ते बघायला नको?

प्रकृती ठीक. जास्त लिहीत नाही.

आत्या

१८ एप्रिल

आत्या,

गडबड झाली आहे. नीट सांगते.

दोनशेतल्या एकशे बारा जणांची मतं आली. निम्म्याहून जास्त म्हणतात, असा भरदार आवाज ऐकला नव्हता. उरलेले म्हणतात, तळ गायब आहे, आवाज पातळ आहे, वरचे सूर सुईसारखे टोचतात. एकच भाजी, काहींना खारट आणि काहींना अळणी! परत आलेली प्रत्येक जोडी मी यंत्रावर लावून पाहिली. एकीतही दोष नाही.

साहेब म्हणतात, खालचे सूर वाढवून टाकू, विषय संपला. माझं मन घेईना. मी उठून खाली पॅकिंग विभागात गेले. तिथे बावीस जणी आहेत. त्यांच्या प्रमुख ताई, त्यांना सगळे ताईच म्हणतात, रोज चारशे टोप्या हाताळतात. पण कानात घालून पाहा असं त्यांना कधी कुणी म्हटलंच नव्हतं. मी घालायला दिले.

“कसा वाटतो आवाज?”

“बरा आहे.”

“खालचा, घुमणारा आवाज येतो?”

“तो यात नसतोच ना? मला वाटलं, भारी वस्तूत असंच असतं.”

मी दोन बोटांनी दोन्ही बाजू हलकेच आत दाबून धरल्या. ताईंचे डोळे मोठे झाले. “अगं बाई! हे कुठून आलं?”

“आधीपासून होतं. तुमच्यापर्यंत पोचत नव्हतं.”

तर त्या काय म्हणाल्या असतील? “मग माझाच कान तसला.”

आत्या, हे वाक्य मी स्वतः म्हटलेलं आहे. बावीसपैकी चौदा जणींना तिन्ही मापांतली एकही टोपी नीट बसत नव्हती, आणि चौदाही जणी आपापल्या कानाला दोष देऊन मोकळ्या झाल्या. टोपी कानाच्या भिंतीला सगळीकडून टेकली नाही तर फटीतून पहिल्यांदा खालचे सूर निसटतात. एवढं साधं आहे. आम्ही ज्या कानांवर मापं ठरवली ते पाच पुरुषांचे होते. सहावा माझा, आणि तो मीच वाकडा ठरवला.

आता तुझ्याकडे येते. बाबा नेहमी म्हणतात, माझे कान हुबेहूब तुझ्यावर गेलेत. मग मला जी टोपी बसत नाही ती तुला झकास कशी बसली? साहेब हाच प्रश्न विचारणार. नीट आठवून लिही. जबडा हलवल्यावर काय होतं? आवाज कुठल्या बाजूला पातळ होतो?

वाट पाहते.

टिटवी

२६ एप्रिल

टिटवे,

टोपी मला बसली नाही. जबडा हलवेपर्यंत थांबलीसुद्धा नाही. डावी तीनदा बाहेर पडली, चौथ्यांदा मी बोटानं धरून ठेवली. उजवीबद्दल काही सांगता येणार नाही, कारण उजव्या कानानं मला ऐकू येत नाही. सहा वर्षं झाली. डावाही आता अर्ध्यावर आलाय.

तुला लिहिलेला तो श्वास, ती खुर्चीची कुरकुर मला पाठ आहे. ते मुद्रण मी इतक्यांदा ऐकलंय की कानात बोळे घालूनही तुला सांगितलं असतं. त्या दिवशी मला खरं जे ऐकू आलं ते पत्र्याच्या डब्यात तांदूळ हलवावेत तसं होतं. मला वाटलं, कान गेला त्याचा हा प्रताप. तुमच्या टोपीचा दोष असेल असं क्षणभरही मनात आलं नाही. तुझ्या त्या ताईंसारखीच मी.

खोटं का लिहिलं ते विचारशील. तुझे साहेब म्हणाले, त्या बाईंच्या कानापुढे यंत्रं काय. तुझं ते वाक्य मी चार वेळा वाचलं. किती दिवसांत कुणी असं म्हटलं नव्हतं. मग मला “ऐकू येत नाही” हे तीन शब्द लिहिवेनात. सर्दी झाली नव्हती. आठवडाभर मी तुमच्या खोक्याकडे बघत बसले होते.

फोनचंही तेच. चोथा वगैरे काही नाही. मला समोरच्याचं कळत नाही, आणि दोनदा “काय?” म्हणायची लाज वाटते.

मार्चमध्ये तुझं पत्र आलं, चिठ्ठी फाडली म्हणून. तेव्हाच लिहायला हवं होतं. लिहायला बसले आणि तुझ्यावरच डाफरले. माणूस चुकला की दुसऱ्याच्या नावानं खडे फोडतो, ते असं.

आता ऐक. हे पत्र सभेत वाच. पहिलं वाचलंस तसंच, मोठ्यानं, एक शब्द न गाळता. साहेबांना सांग, फळ्यावर माझं वाक्य अजून असेल तर पुसा. माझ्या नावाचं काय होईल याची काळजी तू करायची नाही. माझ्या शब्दावर तुझी चिठ्ठी फाटली, आता माझ्याच शब्दावर ती पुन्हा लिहिली जाऊ दे.

रागावलीस तर हक्क आहे तुझा.

आत्या

९ मे

आत्या,

रागावले. आठ दिवस उत्तर लिहिलं नाही ते त्यामुळेच. आता सभेबद्दल लिहिते, बाकीचं भेटल्यावर बोलू. तू माझ्या डाव्या हाताला... म्हणजे मी तुझ्या डाव्या बाजूला बसेन.

पत्र वाचलं, एक शब्द न गाळता. तांदळाचा डबासुद्धा वाचला. मग साहेब म्हणाले, “आधी विहिरीसारखा खोल. आता पत्र्याचा डबा. दोन्ही पत्रं एकाच बाईंची. खरं कुठलं मानायचं?”

मी म्हटलं, “जे लिहिताना त्यांना त्रास झाला ते.”

“त्यांना ऐकूच येत नाही म्हणतात. मग त्यांच्या मताचा उपयोग काय?”

“मत बाजूला ठेवा. टोपी तीनदा बाहेर पडली, हे कळायला ऐकू यावं लागत नाही.”

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. बाकी चौघं माझ्याकडे बघत होते. त्यांतला एक म्हणाला, खालचे सूर वाढवणं दोन दिवसांचं काम आहे, नळी बदलायची तर साचा नव्यानं करावा लागेल, चार महिने जातील. बरोबर होतं त्याचं. मी म्हटलं, “बादलीला भोक आहे. जास्त पाणी ओतलं तर ज्याची बादली धड आहे तो बुडेल, आणि भोक भोकच राहील.”

साहेबांनी विचारलं, “तुम्हाला नक्की काय हवंय?”

“कान.”

“किती?”

“शंभर. याच इमारतीत आहेत. पंधरा दिवस द्या. मी चुकले तर सूर वाढवा, मी पुन्हा तोंड उघडणार नाही.”

“आणि बरोबर ठरलात तर चार महिन्यांच्या उशिराचं वर कोण सांगणार?”

“मी सांगेन. कागदावर सही माझी राहू दे.”

पंधरा दिवस मिळाले. फळ्यावरचं वाक्य मात्र साहेबांनी पुसलं नाही. त्याखाली तारीख घालून “तपासायचे” असं लिहिलं. काल सकाळपासून सुरुवात केली आहे. कानात केसाएवढी बारीक नळी सोडायची, तिच्या दुसऱ्या टोकाला माइक, वर टोपी, आणि आत किती आवाज पोचतो ते मोजायचं. पहिल्या खुर्चीत ताई बसल्या. आणि बाकीच्या एकवीस जणींना त्यांनीच ओळीत उभं केलं. “कान धुऊन या गं,” म्हणाल्या.

एक विनंती. विनंती नव्हे, सांगणंच समज. तू तपासणीला जा. मी पंधरा दिवस लोकांच्या कानांत डोकावणार आणि माझ्या आत्याचा कान सहा वर्षं कुणी पाहिलेला नाही, हे मला चालणार नाही.

टिटवी

१७ मे

टिटवे,

गेले होते. दारापर्यंत जाऊन दोनदा परत फिरले, तिसऱ्यांदा आत शिरले. तपासणाऱ्या बाई तुझ्याच वयाच्या असतील. काचेच्या खोलीत बसवलं, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबा म्हणाल्या. एकतीस वर्षं मी काचेच्या अलीकडे बसून पलीकडच्यांना खुणा करत होते. आज मी पलीकडे. मध्ये मध्ये इतका वेळ शांतता होती की मी समजून चुकले, त्या आवाज देतायत आणि मला येत नाहीये. उगाच बटण दाबायचा मोह झाला. खरंच सांगते. दाबलं नाही.

उजव्याचं काही करता येण्यासारखं नाही. डाव्यासाठी यंत्र लावता येईल. त्यासाठी कानाचं माप घ्यावं लागतं. गुलाबी लगदा कानात भरतात, तो घट्ट झाला की काढतात आणि त्यावरून साचा करतात. आपल्या कानाचं आतलं भुयार हातात घेऊन बघायला मिळालं. तुझ्या बापाचं म्हणणं खरं असेल तर तुझाही तसाच असणार: अरुंद, आणि दुसऱ्या वळणाला चपटा. गोल टोपी त्यात बसेल कशी? तुला उपयोग होईल म्हणून त्या लगद्याचं दुसरं माप मागून घेतलं, या पाकिटात घातलंय. बाई म्हणाल्या, असा आकार त्या रोज पाहतात, विशेष काही नाही. मी म्हटलं, हे वाक्य लिहून द्या, माझ्या भाचीला हवंय. हसल्या, पण दिलं.

आणखी एक. रेडिओवरच्या एका जुन्या सहकाऱ्याचं कार्ड आलं. “काहीतरी कानावर आलं, खरं आहे का?” मी उलटटपाली लिहिलं, “खरं आहे. सहा वर्षं झाली. भेटायला याल तेव्हा समोर बसून, तोंड दिसेल असं बोला.” टपालपेटीत टाकण्याआधी पत्ता तीनदा वाचला. टाकून झाल्यावर मात्र भूक लागली.

आत्या

१२ जून

आत्या,

एकशे चार माणसं, दोनशे आठ कान. त्यांतल्या एकाहत्तर कानांत टोपी गळत होती. ज्यांच्या गळत होती त्यांच्या कानात खालचे सूर निम्म्यानेही पोचत नव्हते. बायकांचे कान त्यांत जास्त, पण पुरुषही होते. आमच्या पाचांपैकी एक निघाला! त्यानं दीड वर्ष एका शब्दानं सांगितलं नव्हतं. “मला वाटलं, माझाच...” म्हणाला. मी तरी काय वेगळं केलं होतं?

तुझ्या कानाचं माप साहेबांनी हातात घेऊन खिडकीजवळ नेऊन पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्या तपासणाऱ्या बाईंची चिठ्ठी वाचली. म्हणाले, “रोज पाहतात. आणि आपण एकदाही पाहिला नाही.”

नळी दीड मिलिमीटर बारीक होणार. टोप्या लांबट गोल, आखूड, आणि मापं तीनऐवजी पाच. खालच्या सुरांना हातही लावायचा नाही. हाताने घडवलेल्या नमुन्यावर आम्ही त्याच एकाहत्तर कानांची पुन्हा चाचणी घेतली. एकसष्ट बसले. दहा अजून बसत नाहीत, त्यांच्यासाठी फोमची टोपी करून बघतेय. ते दहा कान मी सोडणार नाही.

उशीर चार नाही, पाच महिन्यांचा होईल. वरच्या मजल्यावर जाऊन मीच सांगितलं. तिथे माझे चांगलेच कान उपटले, तासभर. यंदा मला वरची जागा मिळणार होती, ती मिळणार नाही. साहेब सोबत आले होते. बाहेर पडल्यावर म्हणाले, “पुढच्या वेळी चिठ्ठी फाडू नका. माझ्या टेबलावर आणून आपटा.” मी म्हटलं, आपटेन.

वरची जागा गेली याचं वाईट वाटलं नाही असं म्हणाले तर खोटं होईल. एक दिवस वाटलं. दुसऱ्या दिवशी फोम आला.

तुझं यंत्र बसलं का?

टिटवी

२३ जून

टिटवे,

बसलं नाही.

पहिला साचा आला, कानात घातला, तासाभरात कान लाल. बाई म्हणाल्या, सवय होईल हळूहळू. मी म्हटलं, होणार नाही, वळणावर टोचतंय, हे इथे, आणि बोट ठेवून दाखवलं. परत केला. दुसरा आला तो सैल. जेवताना यंत्राची शिट्टी वाजायची. शेजारीण म्हणाली, कुकर बंद करा. तोही परत केला. बाईंना वाटलं असणार, म्हातारी किरकिरी आहे. त्यांना मी सांगितलं, “यंत्र ठीक आहे तुमचं, कानही ठीक आहे माझा. मधलं बिनसलंय, तेवढं दुरुस्त करा.” आता त्या मला पाहिलं की आधीच लगदा कालवायला घेतात.

मधल्या दोन दिवसांत, सैल होता तरी, थोडं ऐकलं. नळ गळतोय हे कळलं. तो किती महिने गळत असेल कोण जाणे. नळ दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं आणि तो समोर बसून काय म्हणाला त्यातलं निम्मं समजलं. उरलेल्या निम्म्याला मी “काय?” म्हणाले. तीनदा म्हणाले.

तुझी वरची जागा गेली याचा दोष माझ्याकडे येतो, आणि तो मी घेते. माफी मागून तो फिटेल असं मला वाटत नाही, म्हणून मागत नाही. तुझ्या त्या दहा कानांत एक माझा डावा धर. फोमची टोपी तयार झाली की पाठव. या खेपेला जे ऐकू येईल तेवढंच लिहीन, आणि काहीच आलं नाही तर तसं लिहीन.

तिसरा साचा परवा येतोय. नाही बसला तर चौथा करायला लावीन.

आत्या